न झालेली वाई-पाचगणी रेल्वे: मॉडेलसाठी सल्ला हवा

घाटरूळ: मंडळी, सहा बाय दोन फुटांची फळी मोकळी झालीये, तिच्यावर कधीच न झालेली लाईन करायचीये, वाठार स्टेशन ते वाई आणि तिथून पसरणी घाटाने पाचगणी. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे वाठारला उतरून टांगा करायचे ना, तीच वाट रुळावर आली असती तर? गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, माथेरानसारखं दोन फुटी घेऊ की बार्शी लाईट रेल्वेसारखं अडीच फुटी? आणि इतिहास पटण्यासारखा कसा रचू? इंजिन आधी घेऊन टाकू का?

मीटरगेज: इंजिन सगळ्यात शेवटी! आधी गाडी कशावर जगते ते ठरवा. माथेरानची 1907 ची गाडी हवा खायला जाणाऱ्यांची, बार्शीची 1897 पासून मालाची आणि पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांची. तुमच्याकडे वाईचा गूळ-हळद आहे, वरून बटाटे येतील. गेज अडीच फुटीच घ्या, मॉडेल 1:87 प्रमाणात धरलं तर अडीच फुटांचे 762 मिमी भागिले 87 केलं की 8.76, म्हणजे 9 मिमी गेजचा मॉडेल रूळ जवळपास तंतोतंत बसतो. वाठारला तेव्हा मीटरगेज (एक मीटर रुंदीची लाईन) होती, ती 12 मिमीवर शेजारी टाका, मधे फलाट आणि हमाल एका डब्यातलं पोतं पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्याकडे चाललाय, एवढं दाखवलंत तरी लाईन खरी वाटेल.

सह्यसखी: घाटाचं गणित जमतंय बरं का. वाई साधारण 700 मीटरवर, पाचगणी 1300 च्या आसपास, माथेरानचा 1:20 चढ धरला तर 12 किमी लागतात, आणि रस्ताही जवळपास तेवढाच आहे! पण फळीवर ती उंची सात मीटर होते, त्यामुळे घाट सोडा आणि पाचगणीचं स्टेशन करा. जून लागलाय, बोर्डिंगच्या पोरांच्या ट्रंका उतरतायत, भिंतींना पावसाळ्यासाठी गवत बांधलंय. मी ते केरसुणीचे शेंडे बारीक कापून फेव्हिकॉलने लावलं होतं, मस्त दिसतं. जांभ्याची माती वापरलीत तर आधी चुंबक फिरवा, माझ्या इंजिनच्या मोटरमधे लोखंडाचे कण गेले आणि ती जळाली.

घाटरूळ: ताई, ट्रंका तर वाठारलाच मीटरगेजमधून उतरून आपल्या गाडीत चढणार ना! मग वाठारच करतो, पोती आणि ट्रंका एकाच फलाटावर. तिथे पाऊस बेताचा, म्हणजे गवत नको आणि मातीही काळी. 12 मिमीचा रूळ पुण्यात कुठे मिळेल?