वजन कमी करायचं ॲप माणूस नेमकं कशामुळे वापरतो?

टिळकवाडीकर: सकाळी बेळगावात वॅक्सिन डेपोच्या आवारात फिरायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या फोनात कॅलरी मोजायचं ॲप असतं. उघडतं कोण? माझं म्हणणं, ॲपला आपलं ताटच कळत नाही. जोंधळ्याची भाकरी शोधली की 'रोटी, मध्यम' पुढं येते. आमच्या आईची भाकरी परातीएवढी, तिला मध्यम म्हणायचं धाडस कोण करणार? कुंदा (आपली दुधाची मिठाई) सापडला नाही की माणूस बर्फी लिहून मोकळा. आकडा खोटा आहे हे आपल्यालाच माहीत असल्यावर विश्वास कसला? ताट दुरुस्त करा, लोक वापरतील.

निपाणीकर: साफ अमान्य. माणूस भीतीपोटी वापरतो. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.5 टक्क्यांच्या वर गेली की ताट-बीट कोण बघत बसतंय! आमचे दाजी तंबाखूच्या वखारीत जन्मभर हिशेब लिहीत आले, फोन म्हणजे फक्त बोलायला. डॉक्टरांनी दम भरला आणि आता आमटीसुद्धा वाटीनं मोजून घेतात. इंग्रजी ॲप, तरी अडलं नाही.

खानापूरची वहिनी: भावोजी, भीती पुढचा रिपोर्ट बरा येईपर्यंतच. आणि तुमच्या दाजींना ताट वाढून मिळतं. मी मीठ बघायला चाखते, पोरानं टाकलेला घास खाते, चहाबरोबर उभ्या उभ्या करदंटाचा तुकडा (सुकामेव्याची मिठाई, गुळाची आहे म्हणून चालते म्हणे!). हे नाश्त्यात लिहू की जेवणात? आम्हा जावांचा ग्रुप आहे, रात्री सगळ्यांनी पावलांचा आकडा टाकायचा. थोरल्या जाऊबाई विचारतील या धाकानं मी अंगणात फेऱ्या मारते. ॲप टिकलंय ते त्यांच्यामुळं.

आरपीडी क्रॉसचा: वहिनींचा मुद्दा अभ्यासकांनीही धरलाय. व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नवं तंत्र लोक का स्वीकारतात याची चार कारणं मांडली: उपयोग होईल ही अपेक्षा, वापरायला सोपं असणं, जवळच्यांचा आग्रह, हाताशी सोयी. ते कचेरीतल्या कर्मचाऱ्यांसाठी होतं. 2012 मध्ये सामान्य ग्राहकासाठी त्यात मजा, किंमत आणि सवय आली. ताट न कळणं म्हणजे 'सोपं नाही', टिळकवाडीकर इथं बरोबर. निपाणीकरांची भीती मात्र या यादीत नाही. आजाराचा धोका वाटला की माणूस हलतो, ही 1950 च्या दशकातली वेगळी मांडणी.

निपाणीकर: यादीत नसू दे, दाजींच्यात आहे.

चिकोडीचा: पैशाचं कुणीच बोलेना. आधी फुकट, मग आहारतज्ज्ञाशी बोलायचं तर वर्गणी. शिवाय वजन, पाळी, रिपोर्ट सगळं परक्याच्या हाती. मायफिटनेसपाल या कॅलरी मोजायच्या ॲपच्या सुमारे 15 कोटी खात्यांची नावं, ईमेल आणि पासवर्डची माहिती 2018 मध्ये चोरीला गेली. मी तरी वही-पेन्सिल बरी म्हणतो.

खानापूरची वहिनी: वही रात्री 'आज किती चाललीस?' विचारत नाही हो.

टिळकवाडीकर: निपाणीकर, एकच करा. दाजी भाकरी कशी नोंदवतात ते विचारा.

निपाणीकर: विचारलं. 'चपाती दोन' लिहितात. रोज, भाकरी असो की भात. पण लिहायचंय म्हणून तिसरी घेत नाहीत, आणि साखर उतरलीय. आता बोला.