१५ वर्षांचा लेक, बोलत नाही. घरच्या घरी थेरपी आणि शिकवणं कसं जमवायचं? (गुहागर परिसर)

खाडीपलीकडची
नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, स्वमग्न, नॉनव्हर्बल. गुणगुणतो, आवाज काढतो, पण शब्द नाही. निदान झालं तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि आम्ही ठाण्याला होतो. स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी), सगळं केलं. एका सेंटरला खुर्चीत बसवून तासभर 'माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ' एवढंच चालायचं. घरी आला की स्वतःचा हात चावायचा. लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद पडलं, सासरे गावी एकटे होते म्हणून आलो ते इथेच राहिलो. गुहागरच्या पुढे, वेळणेश्वरच्या बाजूला.

गाव त्याला मानवलं. आगर आहे, मोकळी जागा आहे, वाडीतली माणसं सांभाळून घेतात. तवसाळ-जयगड फेरीबोट त्याच्या विशेष आवडीची. बोटीची फळी धक्क्यावर आपटली की उड्या मारतो. पण थेरपी म्हटलं की चिपळूण गाठायचं. जाऊन येऊन अख्खा दिवस जातो, आणि तिथे मिळतात ४० मिनिटं. परतीच्या एसटीत हमखास मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा ताबा सुटतो. पावसाळ्यात तर तेही बंद.

वर्षभरात तो माझ्यापेक्षा उंच झालाय, मिसरूड फुटलंय. राग आला की ढकलतो. मे महिन्यात पहाटे कडी काढून समुद्राकडे निघून गेला, शेजारच्या भावोजींना पुळणीवर दिसला. तेव्हापासून मला रात्रीची झोप नाही.

घरी काय शिकवावं, कुठून सुरुवात करावी? चित्रं दाबून बोलायचं अ‍ॅप टाकायला टॅबलेट घ्यावा का? आता १५ वर्षांचा झाला म्हणजे उशीर झाला का? कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

सड्यावरचा
ताई, बाकीचं सगळं नंतर. आजच्या आज दाराला त्याचा हात सहज पोचणार नाही अशी दुसरी कडी लावा आणि वर घंटा टांगा. कडी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पटकन काढता आली पाहिजे, आग लागली तर अडकून पडायला नको. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्या. आपल्याकडच्या चिऱ्याच्या विहिरींचे कठडे गुडघ्याएवढेच असतात. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार असते आणि बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. माझ्या पुतण्याला आम्ही कमरेएवढ्या पाण्यात पोहायला शिकवलं, पण पोहता येतं म्हणून एकटा सोडत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना, रापण ओढणाऱ्यांना त्याचा फोटो दाखवून ठेवा आणि तुमचा नंबर द्या. गावात हे जमतं, शहरात जमलं नसतं.

आंब्याची_आढी
ताई, मी देवगड तालुक्यातली. माझा मुलगा आता २२ वर्षांचा आहे आणि तोही बोलत नाही. उशीर झालेला नाही. माझ्या मुलाने पहिलं कार्ड (शब्दाऐवजी द्यायचं चित्राचं कार्ड) १३व्या वर्षी हातात दिलं. माझी सासू सांगायची, "तो बोलना नाय, पण तेका सगळा समाजता." तिचं खरं होतं आणि मी मात्र दहा वर्षं त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच रडून बोलत होते. तेवढं आजपासून बंद करा.

सुरुवात 'नको'पासून करा. सगळीकडे आधी 'हवं' शिकवतात. बिस्कीट हवं, पाणी हवं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला बिस्कीट घ्यायला कार्ड कशाला लागतंय, तो डब्यातून काढून घेतो. त्याला जे जमत नाही ते नाकारणं. नकार पोचवायला साधन नाही म्हणून तो ढकलतो. आमच्याकडे मारामारी थांबली ती 'नको' आणि 'पुरे' या दोन कार्डांनी, गोळीने नव्हे. (गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका हं. आमचीही चालू होती, पुढे त्यांनीच कमी केली.)

शिकवताना दोन माणसं लागतात. एक समोर, एक मागे. समोरच्याने त्याला न आवडणारी वस्तू पुढे करायची, आमच्याकडे कारल्याची भाजी होती. तो तोंड फिरवतो त्याच क्षणी मागच्याने हलकेच त्याचा हात धरून 'नको'चं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं. समोरच्याने 'नको? बरं' म्हणून ताट लगेच मागे घ्यायचं. लगेच. 'एक घास तरी खा' म्हटलात की कार्डाची किंमत गेली. मागचा हात हळूहळू सैल करत न्यायचा. मागच्याने एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर मुलगा कार्ड देण्यासाठी तुमच्या सांगण्याची वाट बघत बसतो.

कार्ड लॅमिनेट करताना चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर प्लॅस्टिक मोकळं सोडा. कडेला कापलंत तर आपल्या हवेत आठ दिवसांत आत पाणी शिरतं, श्रावणात बुरशी येते. प्रत्येक कार्डाचे तीन संच ठेवा. एक गळ्यात किंवा कमरेला, एक पडवीत, एक पिशवीत.

टॅबलेट जरूर घ्या, पण बोट ठेवून सांगायचा चित्रांचा कागदी तक्ता आधी. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. तेव्हा टॅबलेट बंद पडला म्हणजे मुलाचं तोंडच बंद झालं.

शिकवणं म्हणाल तर वही-पेन्सिलीच्या मागे मी पाच वर्षं फुकट घालवली. खरं शिक्षण आंब्याच्या हंगामात झालं. पेटीत आंबे लावायचं काम त्याला द्यायचं ठरवलं, पण ओळ म्हणजे काय ते कळेना. मग यांनी पेटीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि त्यावर बारा गोल काढले. एका गोलात एक आंबा, सगळे गोल झाकले की एक डझन. पहिल्या वर्षी मी प्रत्येक आंब्याला हात धरला. दुसऱ्या वर्षी पुठ्ठा होता, हात नव्हता. तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःच पुठ्ठा काढून बाजूला ठेवला. कमी-जास्त, लहान-मोठं, कच्चा-पिकला, सगळं त्यात आलं. तुमच्याकडे आगर आहे म्हणजे साहित्याला तोटा नाही. रातांबे फोडून बी एका टोपात, सालं एका ताटात. सुपाऱ्या निवडणं. झावळीचे हीर जुळवून खराटा बांधणं. सारखं तेच ते करण्याची ज्या हातांना ओढ आहे त्यांना ही कामं आवडतात, आणि काम संपलं हे डोळ्यांना दिसतं.

कपडे, आंघोळ शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा. शर्टाची चार बटणं तुम्ही लावा, पाचवं त्याला. ते जमलं की शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम पुरं केल्याचं समाधान त्याला मिळतं.

आणि वयाचं. आंघोळ घालायचं काम आता बाबांकडे द्या. लैंगिक भावना येणार, हात जाणार. ओरडू नका, मारू तर नकाच. 'आपली खोली, दार बंद' एवढंच चित्र करून तिथे नेऊन सोडायचं, दर वेळी न चिडता. त्याच्या अंगाला कोणी कुठे आणि कशासाठी हात लावायचा, तेही याच वयात चित्रांनी शिकवा. आपली मुलं तक्रार करू शकत नाहीत हे वाईट माणसांना चांगलं ठाऊक असतं.

शब्दसखी
मी स्पीच थेरपिस्ट आहे, मूळची रत्नागिरीची, आता मुंबईत. वरच्या ताईंनी मुद्द्याचं लिहिलंय, थोडी भर घालते.

चित्रं किंवा टॅबलेट दिला की मूल बोलायचं थांबेल ही भीती मला रोज ऐकायला मिळते. अभ्यास उलट सांगतात. अशा साधनांनी बोलणं अडत नाही, काही मुलांचं थोडं वाढतंच. अ‍ॅपमध्ये आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' बघा, फुकट आहे, मराठीत आहे. 'आवाझ' विकत घ्यावं लागतं. तक्त्यावर नुसती नामं भरू नका. अजून, नको, पुरे, मदत, चल, थांब, दुखतंय, हे शब्द दिवसभर लागतात. आणि एकदा ठरवलेली शब्दाची जागा बदलू नका. हाताला जागा पाठ होते, टायपिंग करणाऱ्याच्या बोटांना होते तशी.

सगळ्यात महत्त्वाचं, तक्ता तुम्ही स्वतः वापरा. 'चल, आगरात' म्हणताना तुमचं बोट 'चल'वर गेलं पाहिजे. बाळाशी आपण वर्षभर बोलतो आणि मग ते पहिला शब्द काढतं. याला तक्त्याची भाषा कोणी बोलूनच दाखवलेली नसते आणि आपण उत्तराची अपेक्षा धरतो. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, मध्ये बोलू नका.

अचानक वाढलेला राग हा आधी शरीराचा प्रश्न समजा. दाढ, कान, बद्धकोष्ठ, पित्त हे तपासून घ्या. मध्येच टक लावून थिजत असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, कारण या मुलांना किशोरवयात पहिल्यांदा फिट येऊ शकते. श्रवणचाचणी लहानपणी झाली असेल तरी पुन्हा करा.

मुलाचा हात किंवा कोपर धरून, नाहीतर अक्षरांचा तक्ता त्याच्यासमोर स्वतः धरून, त्याच्याकडून मोठमोठी वाक्यं लिहवून घेणारे कोणी भेटले तर लांब राहा. तपासलं असता ते शब्द मुलाचे नसून मदतनिसाचे निघालेत. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा पद्धती वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. कार्ड शिकवताना सुरुवातीला धरलेला हात वेगळा, तो सुटण्यासाठीच असतो.

चिपळूणच्या थेरपिस्टना एक विनंती करून बघा. तुम्ही दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदाच जा, आणि त्या वेळात त्यांनी मुलाला न शिकवता तुम्हाला शिकवावं. मधल्या आठवड्यांत तुम्ही घरचे व्हिडिओ पाठवा.

चाकरमानी७२
आमच्या ऑफिसमधल्या एकाने मुलाला स्टेम सेल (मूळ पेशी टोचायचे उपचार) केलं, बराच फरक आहे म्हणतो. एकदा चौकशी करायला हरकत नाही.

शब्दसखी
दादा, हेतू चांगला आहे, पण हरकत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांची शिफारस नाही. लाखो रुपये जातात आणि मुलाला विनाकारण सुया. त्याच पैशात घरी एक मदतनीस ठेवता येईल.

पोफळीची_बाग
कागदपत्रांचं लिहितो, माझ्या बहिणीसाठी सगळं मीच केलं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी जिल्हा रुग्णालयात. तिथे 'इसा' नावाच्या ४० प्रश्नांच्या भारतीय मोजपट्टीवर टक्केवारी ठरते. मुलाला रांगेत ताटकळवू नका, बाबांना आधी आत पाठवून वेळ ठरवा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा घ्या. वर्षाला १ लाखाचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही बसतो. प्रत्येक पावती जपा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के आणि त्यावर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की 'बघू' म्हणतात. १८ पूर्ण झाल्यावर कायद्याने तुम्ही आपोआप पालक राहत नाही. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. तीन वर्षं आहेत, पण कागद आत्तापासून जमवा.

खाडीपलीकडची
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-अडीच महिन्यांनी लिहितेय, गणपती होऊन गेले.

जाळी बसवली, कडी झाली, घंटाही झाली. दोनदा रात्री वाजली, दोन्ही वेळा हे उठले. आता मी थोडी झोपते.

कार्डांचं पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. दोन कार्डं त्याने चावून टाकली. मग एका सकाळी पेज पुढे ठेवली तर वाटीच्या शेजारचं कार्ड उचलून माझ्या हातावर ठेवलं. मागे कोणी नव्हतं. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपाशी उभी राहून रडले, त्याच्यासमोर नाही.

गणपतीत घर भरलेलं. पूर्वी आरती सुरू झाली की कान दाबून ओरडायचा आणि कोणीतरी त्याला मागच्या खोलीत बंद करायचं. या वेळी आधी आठवडाभर चित्रं दाखवली. माणसं येणार, झांजा वाजणार, मोदक, विसर्जन, माणसं जाणार. पहिल्या दिवशी दुसऱ्या आरतीला त्याने 'पुरे' काढलं आणि माझ्या जावेच्या हातात दिलं. तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं, त्याला बाहेर जायचंय, जाऊ दे. तो पडवीत गेला. तिथे हिरांचा ढीग होता, मी पातं सोलून ठेवलेलं. बसून एका टोकाला जुळवत राहिला, आत आरती चालू होती. पाच दिवसांत अकरा मुठी झाल्या.

श्रवणचाचणी अजून झाली नाही, दाढ दाखवली. खालच्या डाव्या दाढेत खोल कीड निघाली. कधीपासून दुखत असेल कोण जाणे.

आता नवीन अडचण. 'नको' कळल्यापासून तो सगळ्यालाच 'नको' देतो. आंघोळीलाही. कार्डाचा मान ठेवायचा तर आंघोळच होत नाही, काल तिसरा दिवस. काय करू?

आंब्याची_आढी
ताई, वाचून डोळे भरले. हे आमच्याकडेही झालं, दोन महिने चाललं. जिथे 'नको' चालणार नाही तिथे 'नको' विचारलं जाईल असा प्रश्नच पुढे ठेवू नका. आंघोळ, औषध, समुद्राकडे एकटं न जाणं, या तीन-चार गोष्टी रोजच्या चित्रवेळापत्रकात ठरलेल्या जागी चिकटवा, आणि निवड दुसरीकडे द्या. चहाआधी की चहानंतर? न्हाणीघरात की विहिरीवर बाबांबरोबर? लाल तांब्या की पितळेचा? तरी 'नको' दिलं तर 'नको म्हणतोस, कळलं मला' असं म्हणा, पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा तीच निवड. ओढून नेऊ नका. आज विहिरीवर करून बघा, पाण्याची ओढ आहे ना त्याला.

खाडीपलीकडची
विहिरीवर झाली. बाबांबरोबर, पितळेचा तांब्या. बारा तांबे पाणी घेतलं आणि तेराव्याला 'पुरे'.