शून्यबिंदू ऊर्जेवरचा जनरेटर: तपासायचा कसा?

द्राक्षबाग_तासगाव
मंडळी, गावात एक गृहस्थ फ्लायव्हीलचा जनरेटर दाखवतायत. १ एचपी मोटर, बेल्टवर ५० किलोचं चाक (२ फूट व्यास, १५०० आरपीएम), पुढं अल्टरनेटर. सोबत पुस्तिका: चाक म्हणे ‘शून्यबिंदू ऊर्जा’ खेचतं, आणि आइन्स्टाइनलाही आधी कुणी विचारत नव्हतं. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती धरून अँपियर मोजणारा) बाहेरचा आकडा खरंच जास्त दिसतो. गोम कुठंय?

कुपवाड_वाइंडर
आउटपुटला लोड काय लावलाय?

द्राक्षबाग_तासगाव
बेंच ग्राइंडर, रिकामा फिरणारा.

कुपवाड_वाइंडर
तिथंच आहे गोम. २३० व्होल्ट गुणिले ४ अँपियर म्हणजे ९२० व्हीए, वॅट नव्हे. रिकाम्या मोटरीचा पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खऱ्या वॅटचा वाटा) ०.२५ धरा, खरे वॅट २३० च. क्लॅम्प मीटर हे सांगत नाही.

दोन्हीकडं साधे सबमीटर बसवा आणि ५०० वॅटचा हीटर अर्धा तास चालवा. बाहेर ०.२५ युनिट पडेल. मोटर ७५ टक्के, बेल्ट ९५, अल्टरनेटर ७५ धरला तर आत साधारण ०.४७ युनिट जाईल. अर्धा तास एवढा वेळ का? चाकात सुमारे २८ किलोज्यूल साठतात. प्लग काढल्यावर तेवढ्यावर हीटर मिनिटभरही टिकत नाही, पण बघणाऱ्याला तेवढंच पुरतं.

आउटपुट मोटरीला परत जोडून दाखवतो म्हणाले तर मध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच बाजू जोडणारा) हवाच. लाइन आणि अल्टरनेटर एकत्र भिडले तर वाइंडिंग जळेल, आणि खांबावरच्या वायरमनच्या जिवाशी खेळ होईल.

मिरज_फिजिक्स
शून्यबिंदू म्हणजे ऊर्जेची सगळ्यात खालची पातळी. त्याखाली उतरायला जागाच नाही, मग काढणार काय? कॅसिमिर परिणाम (निर्वातात अगदी जवळ ठेवलेले दोन पत्रे शून्यबिंदू ऊर्जेमुळं एकमेकांकडं ओढले जातात) खरा आहे, पण एक मायक्रॉन फटीत तो दाब सुमारे १.३ मिलिपास्कल. त्यावर ग्राइंडर?

आइन्स्टाइनचं म्हणाल तर तो पेटंट कचेरीत होता, पण १९०५ चे लेख त्या काळच्या नामांकित नियतकालिकातच छापून आले. १९१५ मध्ये बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), न्यूटनच्या गणितात न बसणारा फरक त्यानं बरोबर काढून दिला. पुस्तिकेत किती वॅट मिळणार ते कुठल्या सूत्रातून येतं, ते पान दाखवा.

द्राक्षबाग_तासगाव
सूत्र नाही, आकृत्या आहेत. हीटरचं विचारलं, तर म्हणतात उष्णतेनं ऊर्जेचा प्रवाह तुटतो.

कुपवाड_वाइंडर
मग १०० वॅटचे पाच पिवळे बल्ब लावायला सांगा. त्यालाही नाही म्हणाले तर इसार देऊ नका.