विलीनीकरण रखडलं की कर्मचाऱ्यांवर खापर फोडणं बंद करा

खतावणी:
काल एका एचआर सल्लागारांनी इथे लिहिलं की बँकांची विलीनीकरणं रखडतात ती जुन्या सवयींना चिकटून बसलेल्या कर्मचाऱ्यांमुळे. उपाय काय, तर दोन दिवसांचं शिबिर आणि शाखेगणिक एक 'चेंज चॅम्पियन', म्हणजे सहकाऱ्यांना बदलासाठी तयार करणारा कर्मचारी. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

३० ऑगस्ट २०१९ला दहा सरकारी बँकांच्या चार करायचं जाहीर झालं, तेव्हा युनियन, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या तिन्ही बँका फिनॅकल या एकाच बँकिंग सॉफ्टवेअरवर आहेत, त्यामुळे जोडणी सोपी, असं सांगितलं गेलं. अहो, सॉफ्टवेअर एक असलं तरी स्कीम कोड (खात्याच्या प्रकाराचे क्रमांक), जीएल हेड (हिशेबाची मुख्य खाती), स्वतःचे मेनू प्रत्येक बँकेचे वेगळे. घोळ तिथे होतो. कॅश क्रेडिट (सीसी) खातं घ्या, म्हणजे व्यापाऱ्याला मर्यादेपर्यंत उचल देणारं कर्जखातं. लिमिट बरोबर आली, पण ड्रॉइंग पॉवरची (डीपी, म्हणजे मालसाठ्यावर ठरणारी प्रत्यक्ष उचलीची मर्यादा) मुदत कोरी आली, तर खात्यात उचल उरत नाही. सकाळच्या क्लिअरिंगला व्यापाऱ्याचा चेक परत. तो ज्या क्लार्कवर ओरडतो, त्याला ती तारीख बदलायचा अधिकारच नसतो. त्याला शिबिरात काय शिकवणार?

पासिंग_ऑफिसर:
तारीख कोरी का आली तेही सांगा. स्टॉक स्टेटमेंट न घेता शाखेने रिव्ह्यू पुढे ढकललेला असतो. मायग्रेशनआधी, म्हणजे खाती नव्या सिस्टिमवर नेण्याआधी, शाखांना दुरुस्तीच्या याद्या जातात: पॅन नसलेली खाती, संयुक्त खात्यात व्यवहार कोण करणार ते न भरलेलं, सही स्कॅन नाही, सस्पेन्समध्ये (तात्पुरत्या खात्यात) पडून राहिलेल्या नोंदी. शेवटच्या दिवशी 'तपासलं' अशी सही ठोकून यादी परत. यालाच सवय म्हणतात, आणि ती मोडायला शाखाधिकाऱ्याने स्वतः उभं राहावं लागतं. सगळं सॉफ्टवेअरवर ढकलू नका.

खतावणी:
यादी पाठवली, माणसं दिली का? देना बँकेवर मे २०१८मध्ये नवं कर्ज आणि नवी भरती या दोन्हींवर रिझर्व्ह बँकेची बंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचं विलीनीकरण जाहीर झालं. भरती बंद असलेल्या शाखेत काउंटर सांभाळून नोंदींची साफसफाई कोणी करायची? मॉक रननंतर, म्हणजे मायग्रेशनच्या रंगीत तालमीनंतर, शाखेने निदान तीसेक खाती स्वतः उघडून पाहावीत: सीसी, अज्ञान खातेदार, मासिक व्याजाची ठेव, लिएन (बँकेचा बोजा) असलेली ठेव, मोरॅटोरियममधलं (हप्ते तात्पुरते थांबवलेलं) कर्ज. नुसती शिल्लक जुळून भागत नाही. व्याजदर, पुढची हप्त्याची तारीख आणि लिएनची रक्कमही जुळली पाहिजे. चूक सापडली तर तिला नंबर, आणि त्या नंबरवर उत्तर. ते येत नसेल तर शाखा मायग्रेशनच्या पुढच्या तुकडीत टाका.

स्केल_दोन:
तुमचं डीपी-लिएन चालू द्या. शाखेत माणसं कुजबुजतात ती ज्येष्ठतेवर. एका बँकेत अधिकाऱ्याला स्केल (श्रेणी) दोनमधून तीनमध्ये चार वर्षांत बढती, दुसरीत सहा. स्केलमध्ये आल्याच्या तारखेवर यादी लावली तर सहावाले कायमचे मागे.

पासिंग_ऑफिसर:
विषय भरकटवू नका. इथे मायग्रेशनचं चाललंय.

स्केल_दोन:
भरकटवत नाही, मूळ विषय हाच आहे! यादी कुठल्या नियमाने लागणार हे आधी लेखी कळलं नाही, तर अनुभवी माणूस साफसफाईत जीव का ओतेल? जवळजवळच्या दोन शाखा एक होणार, म्हणजे एक शाखाधिकारी जादा. त्याची बदली नागपूरला की त्याच शहरात, हे त्याला कधी कळतं? शाखेवरची पाटी बदलल्यावर. तोवर जो तो बदलीच्या ओळखी शोधत फिरतो. ज्येष्ठतेचा नियम, बदलीची कमाल हद्द आणि स्टाफ लोनचा व्याजदर, हे तीन कागद मायग्रेशनच्या तीन महिने आधी हातात द्या. 'चॅम्पियन' नेमायची गरज पडणार नाही.

खतावणी:
शंभर टक्के. शिवाय 'विलीनीकरणाची तारीख' म्हणून एकच तारीख सांगतात, तीही फसवी. देना आणि विजया बँका बँक ऑफ बडोदात गेल्या १ एप्रिल २०१९ला, पण त्यांचे जुने आयएफएससी (शाखेचे कोड) चालले २८ फेब्रुवारी २०२१पर्यंत. कागदावर बँक एक झाली, तरी काउंटरवर जवळजवळ दोन वर्षं दोन जगं. त्या काळात ग्राहकाला काय सांगायचं, याचं छापील पानसुद्धा बऱ्याच शाखांना वेळेवर मिळत नाही.

पासिंग_ऑफिसर:
ज्येष्ठतेचा मुद्दा मान्य करावा लागतोय. पण शाखेला मायग्रेशन थांबवायचा अधिकार द्यायला माझा विरोध कायम आहे. एक शाखा मागे राहिली की आंतरशाखा खात्यातल्या (शाखाशाखांमधल्या व्यवहारांच्या) नोंदी न जुळता उघड्या राहतात, हेड ऑफिसला दोन सिस्टिम रोज जुळवत बसावं लागतं. उद्या पाचशे शाखा 'आम्ही तयार नाही' म्हणाल्या तर?

खतावणी:
पाचशे शाखा तसं म्हणत असतील तर तयारी झालेलीच नाही! अधिकार शाखेला नको तर झोनला द्या. पण दोष कळवणाऱ्याच्या गोपनीय अहवालात 'नकारात्मक' असा शेरा मारणं आधी बंद करा. तो शेरा एकदा पडला की पुढच्या मॉक रनला कोणी तोंड उघडत नाही.