मदत हवी आहे: कापलेल्या चांदीच्या पेनीसाठी मेटल डिटेक्टरचं सेटिंग

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात (मालकाची परवानगी आहे) हातोड्याने ठोकून पाडलेली मध्ययुगीन चांदीची नाणी शोधायची आहेत. अख्खी पेनी, साधारण १.४ ग्रॅमची, नीट वाजते. अडचण तिच्या कापलेल्या चतकोरांची (त्या काळी सुट्ट्यांसाठी पेनी कापत). पत्रा पातळ, तुकडा इवलासा. त्यामुळे चांदी असूनही डिटेक्टरवरचा धातू ओळखायचा आकडा वर न जाता फॉइलच्या आसपास पडतो. फॉइलचे सिग्नल गाळले की नाणंही गेलंच, म्हणून फक्त लोखंडाचे सिग्नल बंद ठेवलेत. पण गंजक्या खिळ्यांच्या गर्दीत तेवढ्याने भागत नाही.

११ इंचीऐवजी ६ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) लावून फ्रिक्वेन्सी १५ वरून ४० किलोहर्ट्झ केली, तर ओल्या चिकणमातीत खोली कितपत घटेल? रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर लगेच शेजारची ओळखण्याचा वेग) वाढवल्यावर सेन्सिटिव्हिटी किती ठेवता? मशीनचं नाव आणि आकडे दोन्ही लिहा.