प्रति: ओढ्यातल्या दगडाखालचा दोन शेपट्यांचा किडा

वर विचारलंय की ओढ्यातल्या दगडाखाली सापडलेलं हे पिल्लू स्टोनफ्लायचं की मेफ्लायचं (दोन्ही पाण्यात वाढणारे कीटक). नुसत्या शेपट्या मोजून ठरवू नका. स्टोनफ्लायला दोन असतात आणि मेफ्लायला बहुधा तीन, पण काही मेफ्लायनाही दोनच असतात. भिंगातून पायाचं टोक बघा. तिथे दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, एकच असेल तर मेफ्लाय. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडेला असतात. स्टोनफ्लायचे, असलेच तर, बहुतेकदा छातीखाली पायांच्या मुळाशी झुबक्यांनी दिसतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की काही पिल्लं जोर काढल्यासारखी अंग खालीवर करतात, म्हणजे कल्ल्यांवरून पाणी खेळतं. म्हणूनच घाण पाण्यातून हे कीटक सगळ्यात आधी नाहीसे होतात.

एका प्रतिसादात कोषाचा उल्लेख आहे, पण या दोघांनाही कोषावस्था नसतेच. स्टोनफ्लायचं पिल्लू पुन्हा पुन्हा कात टाकत वाढतं, पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात, आणि शेवटी ते दगडावर चढतं, पाठ उकलते, पंखवाला प्रौढ बाहेर येतो. उत्तर अमेरिकेतल्या टेरोनार्सिस कॅलिफोर्निका या स्टोनफ्लायची पिल्लं ३ ते ४ वर्षं पाण्यात राहतात. प्रौढाला मात्र काही आठवडेच मिळतात. त्यातही केवढी धांदल! उत्तर गोलार्धातल्या स्टोनफ्लायच्या अनेक जातींचे नर जोडीदार शोधायला फांदीवर पोट आपटून ठेका धरतात, आणि मादी तसंच उत्तर देते.

आपल्या सह्याद्रीत निओपर्ला या प्रजातीतले स्टोनफ्लाय आहेत. पायाच्या टोकाचा आणि छातीच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो टाकाल का?