नाताळचा महिना कसा बसवावा? कॅरोल फेऱ्या, संडे स्कूल आणि ३०० जणांचं प्रीतिभोजन (सोलापूर)

चिटणीस_सोलापूर

सर्वांना सलाम. २०२६ च्या नाताळची आखणी आतापासून करतोय. आमच्या चर्चच्या मंडळीत साधारण ९० घरं आहेत, लहानथोर धरून ३०० माणसं. घरं गावभर विखुरलेली : सात रस्ता, रेल्वे लाईन, विजापूर रोड, जुळे सोलापूर, आसरा, विडी घरकुल, शेळगी आणि थोडी बाळे भागात.

अडचण अशी की सगळे कार्यक्रम १५ ते २५ डिसेंबरमध्ये कोंबले जातात. कॅरोलला, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी गात फिरताना, शेवटच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात, मुलं पेंगतात. प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीचं एकत्र जेवण, २५ लाच ठेवावं असं पंचकमिटीत काहींचं मत आहे, महिला संघ नको म्हणतो. तारखा, फेऱ्या आणि जेवणाची मापं, तिन्हींबद्दल जाणकारांनी नेमकं सांगावं. संडे स्कूलची मुलं ५५-६० आहेत.

पेटीवाला

आधी तारखा बघा, बाकी सगळं त्यावर उभं राहतं. २५ डिसेंबर २०२६ शुक्रवारी येतोय. आगमनकाळाचा (नाताळआधीचे चार रविवार) पहिला रविवार २९ नोव्हेंबर, मग ६, १३ आणि २० डिसेंबर. तुमची मंडळी सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असेल तर २९ नोव्हेंबर हा स्थापना दिनही आहे (१९७०, नागपूर), त्यामुळे त्या दिवशी दुसरं काही लावू नका. ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन आहे. त्या संध्याकाळी ढोलकी घेऊन वस्त्यांमधून फिरणं बरं दिसत नाही. कॅरोलची सुरुवात ७ डिसेंबरनंतरच धरा.

फेऱ्यांचं गणित सरळ आहे. एका घरी दोन गाणी, वचन, प्रार्थना आणि निरोप म्हटलं तरी १२-१५ मिनिटं जातात. पुढच्या घरी पोचायला ५-७. म्हणजे घरामागे २० मिनिटं. सात ते दहा या तीन तासांत कागदावर ९ घरं होतात, प्रत्यक्षात ८. दोन गट केले तर रात्रीला १६ घरं आणि ९० घरांना सहा रात्री. एकाच गटाने सगळी घरं करायची म्हटली तर बारा रात्री लागतात, आणि तिथेच तुमचे अकरा वाजतात.

गट पेठेनुसार पाडा, वयानुसार नको. एक गट सात रस्ता, रेल्वे लाईन, विजापूर रोड, जुळे सोलापूर आणि आसरा या बाजूचा. दुसरा विडी घरकुल आणि शेळगीचा. घरांची संख्या दोन्हीकडे सारखी नसेल तर सात रस्त्याची बाजू दुसऱ्या गटाला द्या. बाळे पुणे रस्त्याला एका टोकाला आहे, ते कुठल्याच फेरीत मध्ये घुसवू नका. शनिवारी संध्याकाळी पाचलाच निघून ती घरं वेगळी करा. एका गल्लीत तीन-चार घरं असतील तर कोपऱ्यावर एकदाच थांबा, सगळ्यांना बाहेर बोलवा. अर्धा तास वाचतो आणि शेजारीपाजारीही ऐकायला येतात.

वेळ खाणारी मुख्य गोष्ट चहा. प्रत्येक घरी चहा-चकली झाली की आठची पाच घरं होतात. रविवारी उपासनेतल्या सूचनांमध्येच सांगून टाका : नाश्ता फक्त त्या रात्रीच्या शेवटच्या घरी, बाकीच्यांनी पाणी दिलं तरी पुष्कळ. यजमानांना वाईट वाटू नये म्हणून शेवटचं घर कोणाचं हे आधी ठरवा. ज्यांना खाऊ घालण्याची हौस आहे ती घरं यादीत खाली सरकवा.

गाण्याची पट्टी. मुलं, बाया आणि पुरुष एकत्र गाणार, तर काळी एकच्या वर जाऊ नका. उत्साहात कोणीतरी काळी चारला उचलतो आणि तिसऱ्या रात्री कोणाच्याच घशातून आवाज येत नाही. पेटी सोबत न्या, पण ती मोटारसायकलवर मांडीवर धरून नेऊ नका. भाता आणि रीड दोन्ही बिघडतात. पेटी रिक्षानेच हलवा. आणि हे सोलापूर आहे : तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं असतीलच. त्या भाषांतलं एकेक गाणं पाठ हवं. आजीबाईंना स्वतःच्या भाषेत एक कडवं ऐकू आलं की चेहरा पाहण्यासारखा होतो.

मोठं_पातेलं

प्रीतिभोजन २५ ला नको, महिला संघाचं म्हणणं बरोबर आहे. त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे असतात. वाढपी आणि आचारी मंडळीतलेच असले तर त्यांचा सण चुलीपुढे जातो. २७ ला रविवार आहे. नऊची उपासना, अकराला सुटी, साडेअकराला पहिली पंगत. शुक्रवारला जोडून शनिवार-रविवार आल्याने पुण्या-मुंबईहून आलेली मुलंही तोवर गावात असतात, जेवून संध्याकाळच्या गाडीला लागतात.

मापं ३०० जणांची देतो, त्यात ६० लहान मुलं धरली आहेत.

मटण हाडासकट मोठ्यांना १६० ग्रॅम आणि मुलांना ८० ग्रॅम, म्हणजे साधारण ४३ किलो. कांदा १० किलो, सुकं खोबरं ३ किलो, लसूण दीड किलो, आलं १ किलो, काळा मसाला दीड किलो, तिखट पाऊण किलो, शेंगदाण्याचा कूट २ किलो, तेल ५ लिटर. मीठ साधारण किलोभर लागतं, पण निम्मं सुरुवातीला आणि निम्मं चव बघून. तांदूळ २५ किलो. भाकरी ४००. शेंगा चटणी ३ किलो. शाकाहारी ३० जण धरा, त्यांच्यासाठी वांगी ५ किलो. ते पातेलं, झारा आणि वाढपी वेगळा ठेवा, एकच पळी दोन्हीकडे फिरता कामा नये.

भाकरीचा घोळ नेहमी होतो. मऊ भाकरी पहाटे करून ठेवली की दुपारी चामड्यासारखी होते. निम्म्या कडक भाकरी घ्या. त्या दोन दिवस आधी आणून कोरड्या जागी ठेवल्या तरी चालतात, रश्शात चुरल्या की म्हाताऱ्यांनाही खाता येतात. उरलेल्या दोनशे मऊ भाकरी सकाळी आठनंतरच्या करून घ्या. भाकरी करून देणाऱ्या बायकांना आठ दिवस आधी सांगा, आदल्या दिवशी सांगितलं तर एवढ्या मिळणार नाहीत.

मटणाची ऑर्डरही आठवडाभर आधी द्या आणि पहाटे साडेपाचला ताब्यात घ्या. रविवारी दुकानावर गर्दी असते, आठला गेलात तर वाटा येईल तो घ्यावा लागेल. हळद, मीठ, आलं-लसूण लावून सातला चुलीवर चढवा. एवढ्या मोठ्या पातेल्याला उकळी यायलाच पाऊण-एक तास लागतो, पुढे दीड-दोन तास शिजायला. मटण शिजलं की मसाला घालण्याआधी ८-१० लिटर अळणी पाणी बाजूला काढा. लहान मुलं आणि पथ्यावरची माणसं त्यावर भात खातात. मग वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परता आणि पातेल्यात घाला. एकूण रस्सा ४५ लिटरच्या आसपास व्हायला हवा. वाढवताना पाणी उकळतंच घाला. गार पाण्याने मटण आखडतं आणि तर्री मोडते. शेवटच्या पंगतीला रस्सा कमी पडेल या भीतीने ऐनवेळी बादलीभर पाणी ओतलं जातं, तिथे सगळी चव जाते. त्यापेक्षा वाटणाचा चौथा हिस्सा राखून ठेवा. वाढवायची वेळ आली तर पाण्याबरोबर तोही पडेल.

भात एकाच पातेल्यात २५ किलो लावू नका. खालचा भाराने गिचका होतो, वरचा कच्चा राहतो. पाच-पाच किलो पाच वेळा लावा, जुना तांदूळ असेल तर पाणी दुप्पट, आणि शिजला की परातीत मोकळा करा.

आदल्या रात्री मटण शिजवून ठेवायचा मोह होतो. करू नका. मोठं पातेलं झाकून ठेवलं की मध्यभागी ते तासन् तास कोमट राहतं आणि नेमकं तिथेच आंबतं. वरून वास येत नाही, पण दुपारी मुलांना उलट्या सुरू होतात. वाटण मात्र आदल्या दिवशी भाजून फ्रिजमध्ये ठेवता येतं.

गॅस : तीन मोठ्या शेगड्या चार-पाच तास चालणार. व्यापारी १९ किलोच्या दोन टाक्या लावा, तिसरी भरलेली बाजूला हवी. पाणी : प्यायला २० लिटरचे १५ जार. वापरायला हजार लिटर. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको, तेव्हा आपल्या भागाचा पाण्याचा दिवस बघून टाकी आधीच भरून घ्या.

पंगत ७५ जणांची ठेवली तर चार पंगती, प्रत्येकी २५ मिनिटं. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि मुलं. पंधरा पानांमागे एक वाढपी.

संडेस्कूल_ताई

मुलांचा कार्यक्रम २० डिसेंबरला ठेवा, २४-२५ ला अजिबात नको. मराठी शाळांना नाताळची सुटी बहुधा एकाच दिवसाची असते, इंग्रजी शाळांना मोठी असते. त्यामुळे रोजच्या सरावाला सगळी मुलं कधीच जमत नाहीत. शनिवारी संध्याकाळी एक तास आणि रविवारी उपासनेनंतर पाऊण तास, असं २१ नोव्हेंबरपासून धरलंत तर पुरे. दहावी-बारावीच्या मुलांच्या सराव परीक्षा याच सुमारास असतात, त्यांना मोठ्या भूमिका देऊ नका. निवेदन द्या, ते वाचून करता येतं.

एकूण वेळ सव्वा तास, त्यापुढे लहान वर्ग रडायला लागतो. प्रत्येक वर्गाला पाच मिनिटं. सर्वांत लहान मुलं पहिली, आणि त्यांचं झालं की आईजवळ सोडा.

नाटकात हमखास चुकतं ते आवाजाचं. मुलं माईककडे पाठ करून बोलतात, मागच्या बाकांना काही कळत नाही. पुढे दोन उभे माईक मुलांच्या तोंडाच्या उंचीला लावा, सुमारे साडेतीन फूट. जमिनीवर खडूने फुली करा : बोलायचं तेव्हा फुलीवर यायचं. एवढी एकच शिस्त शिकवली तरी निम्मं काम होतं.

मेंढपाळांना आख्खी सोलापुरी चादर गुंडाळू नका. जड असते, घसरते, मूल त्यात घामाघूम होतं. डोक्याला टॉवेल आणि अंगात मोठ्या माणसाचा साधा सुती शर्ट उलटा घातला की झालं. देवदूतांच्या पंखांना कापूस असेल तर जवळपास खरी मेणबत्ती नको, बॅटरीवरच्या लावा. भेटवस्तू वयोगटानुसार सारख्या किमतीच्या घ्या आणि चार-पाच जादा ठेवा. पाहुणी मुलं येतातच, त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये.

चिटणीस_सोलापूर

फार उपयोगी पडलं. प्रीतिभोजन २७ ला ठेवायचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडतो. अजून दोन गोष्टी : पोलिस परवानगी आणि कॅरोलच्या दानपेटीचा हिशेब. शिवाय यंदा काही घरांत मयत झाली आहे. तिथे कॅरोल घेऊन जावं का?

वही_आणि_पेटी

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यंही त्यात आली, म्हणजे दहानंतर रस्त्यावर ढोलकीसुद्धा नको. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्यात नाताळ आणि ३१ डिसेंबर आहेत का हे यादी बघूनच ठरवा, गृहीत धरू नका. सूट असली तरी १२ पर्यंतच, त्यामुळे ३१ च्या रात्रीच्या उपासनेला बाहेरचे कर्णे काढून ठेवा, आवाज दारं लावून आतल्या आत. मंडप आवारात असला तरी पोलिस ठाण्यात मंडळीच्या पत्रावर अर्ज द्या, पोच घ्या, आणि कॅरोलच्या फेऱ्यांच्या तारखा-भाग त्याच अर्जात लिहा. मंडप आणि साउंडवाल्याला नोव्हेंबरमध्येच विसार द्या, पुढे लग्नं आणि लगेच जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा असते.

दानपेटीला कुलूप, किल्ली खजिनदाराकडे, पेटी गटाकडे. दोन्ही एका हातात नकोत. त्याच रात्री दोघांनी मोजून वहीत तारीख, गट, रक्कम आणि दोघांच्या सह्या. घरनिहाय रक्कम लिहू नका. कोणी किती दिलं याची चर्चा झाली की पुढच्या वर्षी गरीब घर दार उघडायला कचरतं. पैसा कशासाठी आहे ते पहिल्या फेरीआधी जाहीर करा. मोठी रक्कम देणाऱ्याला वेगळी पावती.

मंडळभेट

मयत झालेल्या घरी जावंच, पण विचारून. आठ दिवस आधी महिला संघातल्या दोघींनी जाऊन सांगावं : गट येईल, वाजवणार नाही, चालेल का? बहुतेक घरं हो म्हणतात. नको म्हटलं तर आग्रह करू नये, पाळकसाहेबांनी (चर्चचे धर्मगुरू) एकट्यानं जाऊन प्रार्थना करावी. जाताना चार-पाच जणच, ढोलकी-झांज गल्लीच्या तोंडाशी ठेवून. एक संथ गीत, एक छोटं वचन, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. दानपेटी त्या घरात न्यायची नाही. ते घर फेरीत पहिलं ठेवा. आठ घरं गाऊन दमलेला, हसतखिदळत आलेला गट तिथे शेवटी पोचला तर आवाज उतरत नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी वेगळी करा आणि १३ डिसेंबरपर्यंत पाळकसाहेबांना द्या, म्हणजे २५ च्या आधी घरी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) देता येतं. यादीत नुसती नावं नकोत. ऐकू कमी येतं का, गिळायला त्रास आहे का, मधुमेह आहे का, दुपारी झोपतात का, हेही लिहा. गिळता येत नसेल तर त्या भाकरीचा अगदी कण द्राक्षरसात भिजवून देता येतो, पण ते आधी माहीत हवं. आणि २७ तारखेला या घरांचे डबे पहिल्या पंगतीआधी भरून निघाले पाहिजेत. मोठं_पातेलं यांनी जे अळणी पाणी सांगितलंय त्यातलं दोन लिटर डब्यांसाठी राखा. डबा नेणाऱ्यानं तिथे दहा मिनिटं बसावं, म्हणून एकाकडे तीनपेक्षा जास्त डबे देऊ नका.